दोन कामांच्या मधल्या काळाबद्दल सीए आणि करसल्लागारांना खुले पत्र

महाराष्ट्रातील सनदी लेखापाल, करसल्लागार आणि त्यांच्या कार्यालयांत आमची खाती सांभाळणारे सहकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

आम्ही सार्वजनिक बांधकाम विभाग, जिल्हा परिषदा आणि नगरपरिषदांकडून रस्ते, मोऱ्या, शाळाखोल्या, पाण्याच्या टाक्या अशी कामे घेणारे लहान कंत्राटदार आहोत. वर्षाची उलाढाल पन्नास लाखांपासून चार-पाच कोटींपर्यंत. साइट चालू असते तेव्हा आपला-आमचा रोजचा संबंध असतो. बिल बनते, चलन भरले जाते, ई-वे बिल निघते. फायनल बिल झाले की फोन थांबतात. पुढचा कार्यारंभ आदेश हातात पडायला कधी चार महिने लागतात, कधी वर्ष. मध्ये पावसाळा असतो, आचारसंहिता असते, निधीची वाट असते. तेवढ्या काळात आमची फाइल आपल्याकडे ‘सध्या काम नाही’ या गठ्ठ्यात जाते.

आमचे म्हणणे असे की कंत्राटदाराच्या हिशेबातले सर्वांत नाजूक काम नेमके याच काळात असते. बिलातून कापलेले पैसे याच काळात वसूल होतात किंवा बुडतात. नोंदणी याच काळात रद्द होते. पुढच्या निविदेला आपण पात्र ठरणार की नाही, हेही इथेच ठरते. म्हणून मधल्या काळाची सेवा वेगळी ठरवावी, तिचे वेगळे शुल्क घ्यावे आणि तीत काय असेल ते लिहून द्यावे, ही विनंती. त्यात काय असावे हे खाली तपशिलाने लिहितो.

सुरुवात बिलाच्या नोंदीपासून करू, कारण पुढचे बहुतेक घोळ तिथेच जन्मतात. समजा १०,००,००० रुपयांचे काम एमबीत (मोजमाप पुस्तिकेत) नोंदले गेले. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे बिल ११,८०,००० चे. यातून आयकराचा टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला कर, १ टक्का (मालकी व्यवसाय असेल तर, भागीदारी किंवा कंपनी असेल तर २), जीएसटीचा टीडीएस २ टक्के, कामगार कल्याण उपकर १ टक्का आणि करारात ५ टक्के सुरक्षा ठेव असेल तर ती, अशा कपाती होतात : १०,०००, २०,०००, १०,००० आणि ५०,०००. बँकेत जमा होतात १०,९०,०००. आता खाते लिहिणाऱ्यासमोर फक्त बँकेचे स्टेटमेंट असेल तर तो १०,९०,००० हीच करासह रक्कम धरतो आणि मागे गणित करून उलाढाल ९,२३,७२९ दाखवतो. प्रत्येक दहा लाखांमागे ७६,२७१ रुपयांची उलाढाल गायब. विभागाने मात्र आपल्या जीएसटीआर-७ मध्ये (कापलेल्या जीएसटीच्या विवरणपत्रात) १० लाख दाखवलेले असतात, २६एएसमध्येही (आयकर कपातीच्या उताऱ्यातही) १० लाख. वर्ष-दोन वर्षांनी तफावतीची नोटीस येते ती यामुळे. कंत्राटदाराने काही लपवलेले नसते.

याच चुकीला दुसरी बाजू आहे. सुरक्षा ठेव बिलाच्या वेळी ‘येणे’ म्हणून नोंदलीच नाही, तर दोष दायित्व कालावधी (कामातले दोष दुरुस्त करून देण्याची मुदत) संपल्यावर ती परत येते तेव्हा खात्यात ती नवीन उत्पन्न म्हणून चढते आणि तिच्यावर कर लागतो. कधी जीएसटीही पुन्हा भरला जातो. त्या रकमेवरचा जीएसटी मूळ बिलातच भरून झालेला असतो. म्हणून कामनिहाय स्वतंत्र खाते हवे : सुरक्षा ठेव येणे, अमुक रस्ता, अमुक करार क्रमांक, परत मिळण्याची तारीख. काम संपले की पंधरा दिवसांत या सगळ्यांचा एक तक्ता आम्हाला मिळावा. ठेव मागायचा अर्ज आम्ही करू, पण कोणत्या कामाची किती आणि कधी, हे आपल्या वहीतून निघाले पाहिजे. तीन वर्षांपूर्वीच्या कामाची ठेव आठवणीवर मागता येत नाही. तोवर उपविभागातला लेखापालही बदललेला असतो.

जीएसटीच्या टीडीएसबद्दल थोडे सविस्तर. करार अडीच लाखांवरचा असेल तर १ ऑक्टोबर २०१८ पासून सरकारी विभाग २ टक्के कापतात. विभागाने पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत जीएसटीआर-७ भरले की ती रक्कम आमच्या पोर्टलवर ‘टीडीएस क्रेडिट मिळाले’ या विवरणात दिसते. ती तिथे जाऊन स्वीकारावी लागते. स्वीकारल्यावर ती कॅश लेजरमध्ये (पोर्टलवरच्या रोख खात्यात) येते आणि रोखीसारखी वापरता येते. काम चालू असताना महिन्याचा कर भरायचा असतो म्हणून कोणीतरी तिकडे पाहते. मधल्या काळात विक्री शून्य, त्यामुळे कोणी पाहत नाही. शेवटच्या दोन-तीन बिलांची कपात तशीच पडून राहते. विभागाने जीएसटीआर-७ भरलेच नसेल किंवा चुकीच्या जीएसटी क्रमांकावर टाकले असेल, तर तेही कळत नाही. शेवटच्या बिलानंतर निदान तीन महिने, दर महिन्याच्या ११-१२ तारखेला ही पाहणी व्हावी. बिलांची यादी आणि स्वीकारलेल्या रकमा समोरासमोर ठेवाव्यात, जे आले नसेल त्याचे पत्र विभागाच्या आहरण व संवितरण (पैसे काढून देणाऱ्या) अधिकाऱ्याच्या नावे तयार करून द्यावे. पत्र घेऊन आम्ही जाऊ.

आणि एक गोष्ट फार थोडी कार्यालये सुचवतात. पुढचे काम लांबणार असेल तर कॅश लेजरमधली जादा शिल्लक आरएफडी-०१ हा परताव्याचा अर्ज भरून परत मागता येते. टीडीएसमधून आलेली रक्कमही यात येते आणि या परताव्याला दोन वर्षांची मुदत लागू नाही, हे केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या २०२१ च्या परिपत्रकाने (१६६ क्रमांकाचे) स्पष्ट केले आहे. पन्नास लाखांच्या कामात १ लाख रुपये कापलेले असतात. इनपुट क्रेडिटने (खरेदीवर भरलेल्या कराच्या वजावटीने) बराच कर भागला असेल तर त्यातले पुष्कळसे लेजरमध्ये पडून असतात. हातात काम नसताना मजुरांचा शेवटचा पगार किंवा मशिनचा हप्ता त्यातून निघू शकतो. हा परतावा मागायचा की पुढच्या कामासाठी शिल्लक ठेवायची, एवढा सल्ला तरी आम्हाला आपणहून मिळावा.

आता शून्य विवरणपत्र. काम नसले तरी जीएसटीआर-१ (विक्रीचे विवरणपत्र) आणि ३बी (कर भरण्याचे विवरणपत्र) भरावेच लागते, हे सगळ्यांना ठाऊक आहे, तरी चुकते. विलंब शुल्क शून्य विवरणपत्राला दिवसाला २० रुपये, कमाल ५०० प्रति विवरणपत्र. ही रक्कम छोटी वाटते म्हणून ‘नंतर एकदम भरू’ असे म्हटले जाते. खरे नुकसान पुढे असते. लागोपाठ दोन कालावधींची विवरणपत्रे राहिली की ई-वे बिल बंद होते. मासिक भरणाऱ्याची सलग सहा महिन्यांची किंवा तिमाही भरणाऱ्याची सलग दोन तिमाहींची राहिली की नोंदणी रद्द करण्याची नोटीस निघू शकते आणि तिला उत्तर द्यायला कामाचे फक्त सात दिवस असतात. रद्द झालेली नोंदणी जिवंत करायचा अर्ज आदेशापासून ९० दिवसांत करावा लागतो. ऐन निविदेच्या दिवशी महाटेंडर्स या राज्याच्या निविदा पोर्टलवर कागद चढवताना नोंदणी ‘रद्द’ दिसली, तर ५०० रुपये वाचवून काय मिळवले?

खरोखर शून्य असलेले ३बी १४४०९ या क्रमांकावर एसएमएस पाठवूनही भरता येते. पण इथे एक सावधगिरी हवी. विक्री शून्य आहे म्हणून विवरणपत्र शून्य, असे नाही. मधल्या काळात आम्ही सिमेंट घेतो, मिक्सर दुरुस्त करतो, सेंटरिंगच्या प्लेट घेतो. १४ तारखेला टूबीत (पोर्टलवरच्या खरेदी क्रेडिटच्या विवरणात) ती बिले दिसतात. त्या महिन्याचे विवरणपत्र शून्य म्हणून गेले की ते क्रेडिट मागे राहते. पुढे घेता येते, पण पुढच्या आर्थिक वर्षाच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच किंवा त्याआधी वार्षिक विवरणपत्र भरले असेल तर तोपर्यंतच. म्हणून दर महिन्याला टूबी उघडून पाहणे हा मधल्या काळाच्या सेवेचा भाग असावा. उलाढाल पाच कोटींच्या आत असेल तर तिमाही पद्धत घ्यावी का, हेही याच वेळी ठरवावे. महाराष्ट्रात तिमाही ३बीची तारीख २२ आहे. खर्च आणि फेऱ्या दोन्ही कमी होतात.

‘काम नाही तर नोंदणी सरळ बंद करून टाका’ असा सल्ला काही ठिकाणी दिला जातो. कृपया तो देऊ नका. नोंदणी बंद करताना शिल्लक माल आणि मशिनरीवरचे क्रेडिट उलटवावे लागते, तीन महिन्यांत जीएसटीआर-१० हे अंतिम विवरणपत्र भरावे लागते, आणि विभागाकडे अडकलेले शेवटचे बिल नंतर निघाले तर त्यावर कर आकारायचा कोणत्या क्रमांकावर, हा प्रश्न उभा राहतो.

अडकलेल्या बिलांवरून जीएसटीच्या नियम ३७ कडे येतो. पुरवठादाराचे बिल त्याच्या तारखेपासून १८० दिवसांत चुकते केले नाही, तर त्यावर घेतलेले इनपुट क्रेडिट व्याजासह उलटवावे लागते. आमच्या धंद्यात हे नेहमी होते. विभागाचे पैसे येत नाहीत, म्हणून सिमेंटवाल्याचे आणि खडीक्रशरवाल्याचे राहतात. पाच लाखांच्या सिमेंटवर १८ टक्क्यांनी ९०,००० चे क्रेडिट घेतलेले असते (२२ सप्टेंबर २०२५ पूर्वीच्या खरेदीत दर २८ होता, म्हणजे १,४०,०००). साइट बंद झाल्यावर चार महिन्यांनी हा दिवस येतो आणि तेव्हा आमची फाइल कपाटात असते. लेखापरीक्षणात हे निघाले की उशिराचे व्याज वाढलेले असते. आपल्या संगणकात खरेदीची तारीख आहेच. १५० व्या दिवशी एक संदेश पाठवा : अमुक पुरवठादाराचे इतके देणे, इतके क्रेडिट धोक्यात. मग आम्ही ठरवू की उपलब्ध पैशातून आधी कोणाला द्यायचे. क्रेडिट उलटवले गेले असेल तर पैसे दिल्यावर ते परत घेता येते. ती नोंद वर्षानुवर्षे राहून जाते, तीही तपासा.

याच यादीला आयकराचे कलम ४३बी(एच) जोडावे. सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे देणे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिले नाही, तर तो खर्च त्या वर्षात धरता येत नाही. पैसे देऊ त्या वर्षी मिळतो. पेव्हर ब्लॉक आणि आरसीसी पाइप बनवणारे कारखाने बहुधा याच वर्गात बसतात. मार्चमध्ये काम संपले आणि पैसे जूनमध्ये आले, तर कागदावर नफा फुगतो. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे आकडे बदलले आहेत. या पत्रात आम्ही आपल्या-आमच्या तोंडी बसलेले जुनेच क्रमांक वापरले आहेत. हे बदल आमच्या खात्यावर कुठे परिणाम करतात, तेही एका कागदावर हवे आहे.

आयकरात आमची सर्वांत मोठी अपेक्षा ४४एडीच्या निर्णयाबद्दल आहे. भरल्या वर्षात ही अनुमानित पद्धत सोयीची असते. बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के, रोखीवर ८ टक्के नफा दाखवला की झाले. मर्यादा दोन कोटी, रोख जमा पाच टक्क्यांच्या आत असेल तर तीन कोटी. एक कोटीचे काम बँकेतून झाले, तर उत्पन्न ६ लाख. दुसरे उत्पन्न नसेल तर २०२५-२६ या वर्षी नव्या करप्रणालीत व्यक्तीला १२ लाखांपर्यंत कर शून्य. कापलेला १ टक्का टीडीएस म्हणजे १ लाख, तो सगळाच्या सगळा परत मिळायला हवा. विवरणपत्र उशिरा गेले की हा लाखही उशिरा येतो, आणि आम्हाला तो नेमका मधल्या काळात हवा असतो. पुढच्या कामावर इतकी कपात नकोच असेल तर फॉर्म १३ भरून कमी दराच्या कपातीचे प्रमाणपत्र मागता येते. त्याची तयारी कार्यारंभ आदेशाआधीच करायची असते. पहिले चालू बिल निघाल्यावर ती आठवण होऊन उपयोग नाही.

रिकाम्या वर्षात प्रश्न उलटा होतो. उलाढाल १२ लाख, पण मशिनचे व्याज, सुपरवायझरचा पगार, गोडाउनचे भाडे चालूच. प्रत्यक्षात तोटा आहे. ४४एडीत राहिलो तर तोटा बुडाला. तोटा दाखवला तर ४४एडीबाहेर पडलो आणि पुढची पाच वर्षे परत येता येत नाही. शिवाय इतर उत्पन्न धरून एकूण उत्पन्न करपात्र मर्यादेवर गेले तर लेखापरीक्षण आले. तोटा पुढची आठ वर्षे ओढता येतो, पण विवरणपत्र मुदतीत भरले असेल तरच. हा निर्णय शेवटच्या आठवड्यात विवरणपत्र भरता भरता होऊ नये. दोन्ही पर्यायांचे आकडे एका पानावर मांडून, किमान महिनाभर आधी, समोर बसून सांगावेत. आमच्यातले कितीतरी जण हा पाच वर्षांचा फास माहीत नसताना बाहेर पडले आहेत.

टीडीएसचे वर्ष हाही नेहमीचा घोळ. काम मार्चमध्ये मोजले, उत्पन्न त्या वर्षी दाखवले, विभागाने पैसे मात्र जुलैत दिले आणि तेव्हा टीडीएस कापला. उत्पन्न एका वर्षी, कपात दुसऱ्या वर्षी. आधीच्या वर्षाचे विवरणपत्र भरून झालेले असते, म्हणून हा टीडीएस अनेकदा सोडून दिला जातो. जुन्या कायद्यात यासाठी फॉर्म ७१ आहे. ज्या आर्थिक वर्षात कपात झाली ते संपल्यापासून दोन वर्षांत तो भरता येतो. गेल्या दोन वर्षांच्या २६एएसवर एकदा नजर टाकली तर अशा रकमा सापडतील.

आता निविदेच्या कागदांबद्दल. उलाढालीचे प्रमाणपत्र, नेटवर्थ, निविदा क्षमता (किती रकमेचे नवे काम घेता येईल तो आकडा) हे सगळे सीएच्या सहीने आणि १८ अंकी यूडीआयएनसह (प्रमाणपत्राच्या ओळख क्रमांकासह) लागते. निविदा प्रसिद्ध होऊन बंद व्हायला कधी सातच दिवस असतात. त्या आठवड्यात आपल्याकडे ३बी किंवा लेखापरीक्षणाची गर्दी असते आणि प्रमाणपत्र घाईत मागच्या वर्षीच्या मसुद्यावरून बनते. चूक कुठे होते ते पाहा. बहुतेक निविदांत क्षमता अशी काढतात : गेल्या पाच वर्षांतील सर्वाधिक एका वर्षाचे काम, गुणिले नव्या कामाचा कालावधी वर्षांत, गुणिले निविदेतला गुणक (बहुधा २), वजा हातातील शिल्लक कामे. समजा सर्वाधिक वर्ष १.८० कोटीचे, नवे काम नऊ महिन्यांचे, म्हणजे ०.७५. गुणाकार २.७० कोटी. हातातील कामे १.४० कोटी लिहिली तर क्षमता उरते १.३० कोटी. पण त्या १.४० मधले ६० लाखांचे काम पूर्ण झालेले आहे, फक्त पूर्णत्वाचा दाखला घेतलेला नाही, म्हणून जुन्या यादीतून ते उतरलेच नाही. ते काढले की शिल्लक ८० लाख आणि क्षमता १.९० कोटी. १.७५ कोटीची निविदा एका न पुसलेल्या ओळीने गेली. म्हणून काम संपल्यावर ही यादी लगेच अद्ययावत करावी, दाखला राहिला असेल तर आम्हाला आठवण करावी, आणि लेखापरीक्षित ताळेबंद, विवरणपत्रे, व्यवसायकराची पावती (पीटीईसीचे २,५०० रुपये ३० जूनपर्यंत) आणि डिजिटल सहीची मुदत एका फाइलीत तयार ठेवावी.

बँकेचेही थोडे. कॅश क्रेडिट (खेळत्या भांडवलाचे कर्ज) असेल तर ९० दिवसांपुढची येणी बँका साधारणपणे उचल मर्यादेत धरत नाहीत. सरकारी बिल अडकले की मर्यादा आपोआप आकसते, आणि सलग ९० दिवस खात्यात व्याजाइतकीही जमा झाली नाही तर खाते थकीत वर्गात जाते. स्टॉक स्टेटमेंट भरणारे आपणच आहात, म्हणून हे आपल्याला आधी दिसते. साठाव्या दिवशी सांगा. तेव्हा बँकेत जाऊन बोलता येते.

एक तक्रार स्पष्टच लिहितो. अनेकांच्या जीएसटी आणि आयकर पोर्टलवर मोबाइल आणि ईमेल करसल्लागाराच्या कार्यालयाचा आहे. ओटीपीसाठी हे सोयीचे असते. पण मधल्या काळात आलेली एएसएमटी-१० ची (विवरणपत्रातल्या तफावतीची) नोटीस आम्हाला कळतच नाही, तिची ३० दिवसांची मुदत निघून जाते आणि पुढचा आदेश एकतर्फी होतो. नोंदणीतला मोबाइल आणि ईमेल कंत्राटदाराचाच असावा. ओटीपी आम्ही देऊ. पोर्टलवरच्या ‘अतिरिक्त सूचना व आदेश’ या कप्प्यात महिन्यातून दोनदा पाहणे आपल्या सेवेत असावे आणि काही नसेल तर ‘काही नाही’ एवढे दोन शब्द कळवावेत.

आमच्याकडूनही अपेक्षा असणार, आणि त्या रास्त आहेत. बिल मंजूर झाल्यापासून दोन दिवसांत कपातीच्या तपशिलासह त्याची प्रत पाठवू. कराराचे ठेव, विमा, दोष दायित्व आणि देयकांच्या अटींचे पान काम सुरू होतानाच देऊ, कारण कर कोणत्या तारखेला देय होतो हे त्यावरून ठरते. एका दिवसात एका व्यक्तीला १०,००० वर रोख देणार नाही. गौण खनिजाचे पास ट्रकनिहाय जपू, नाहीतर स्वामित्वधन बिलातून कापले जाते आणि खात्यात त्याला आधार राहत नाही. आणि काम नसतानाही शुल्क देऊ. ‘काही केले नाही तर पैसे कशाचे’ हे वाक्य आमच्याकडून अनेक कार्यालयांनी ऐकले आहे. कामाची यादी लिहून समोर आली तर ते वाक्य कोणी म्हणणार नाही.

पुढचे फायनल बिल निघेल त्या आठवड्यात अर्धा तास द्या. येणे असलेल्या ठेवी, न आलेला टीडीएस, १८० दिवसांकडे निघालेली देणी आणि अद्ययावत निविदा क्षमता, एवढी चार पाने त्या अर्ध्या तासात आपल्यामध्ये टेबलावर असावीत.

आपले,
सरकारी कामे घेणारे लहान कंत्राटदार